वार्षिकांक छापून झाला. त्यातून डिझाईनचं काय शिकलात ते आता लिहून काढा

छापखान्यातून गठ्ठे येतात तो दिवस कुणी विसरत नाही. सुतळी कापायची, वरचा अंक उचलायचा, नाकाजवळ नेऊन शाईचा वास घ्यायचा आणि सगळ्यात आधी आपण केलेलं पान उघडायचं. मग प्रकाशनाचा कार्यक्रम, फोटो, सामोसे. आठवड्याभरात परीक्षेचं वेळापत्रक लागतं आणि अंक कपाटात जातो.

पुढे दोन-तीन महिन्यांनी डिझाईनच्या प्रवेशासाठी किंवा एखाद्या स्टुडिओत इंटर्नशिपसाठी मुलाखत असते. समोरचा माणूस अंक चाळतो आणि विचारतो, "यात तू काय केलंस?" उत्तर येतं, "लेआउट केला सर. टीमवर्क शिकलो." चार महिने रात्री जागून केलेलं काम दोन वाक्यांत संपतं. हे मी बऱ्याचदा पाहिलंय आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण तो मुलगा खरोखर खूप शिकलेला असतो. त्याला ते सांगता येत नाही एवढंच. छापलेल्या पानावर फक्त शेवटचा निर्णय दिसतो. त्याआधी जे चुकलं, खोडलं, बदललं, तिथे त्याचं शिक्षण झालेलं असतं, आणि त्याचा माग कुणी ठेवलेला नसतो.

विद्यार्थी असताना मी दोन वार्षिकांकांची मांडणी केली. आता दरवर्षी एक-दोन कॉलेजांच्या संपादक मंडळांबरोबर बसते. त्या अनुभवावरून, अंक हातात आल्यावर काय काय करायचं ते क्रमाने लिहिते आहे.

१. आधी पुरावे गोळा करा, पंधरा दिवसांच्या आत

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. पंधरा दिवस म्हणते, कारण त्यानंतर लॅबमधले कॉम्प्युटर फॉरमॅट होतात, लाल शाईने तपासलेली प्रूफं रद्दीत जातात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपमधून लोक बाहेर पडतात.

एक मोठी फाइल घ्या. तिच्यात लाल पेनच्या खुणा असलेली सगळी प्रूफं घाला, तारखेप्रमाणे लावून. वहीत पेन्सिलने काढलेली पानांची कच्ची आखणी, कागद दुमडून केलेली डमी, मुखपृष्ठाचे नाकारलेले नमुने, हे सगळं त्यातच. डमी फाटलेली असली तरी टाकू नका. कॉम्प्युटरवरच्या फाइली फॉन्ट आणि चित्रांसकट एकत्र करून घ्या. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'पॅकेज'ची सोय आहे. ते केलं नाही, तर सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर फॉन्ट सापडत नाहीत आणि चित्रांच्या जागी करड्या चौकटी दिसतात.

एक गोष्ट छापखान्यातून मागून आणा: न कापलेला, न दुमडलेला एक फर्मा, म्हणजे अनेक पानं एकत्र छापलेला मोठा ताव. वाया गेलेले ताव तिथे पडलेलेच असतात, नम्रपणे मागितलं तर देतात. त्या मोठ्या तावावर पानं उलटसुलट बसलेली असतात, पान १ च्या शेजारी पान १६, काही पानांची डोकी खाली. तो ताव हाताने दुमडून पाहिल्याशिवाय अंकाची पानं चारच्या, आठच्या, सोळाच्या पटीत का असावी लागतात हे नीट कळत नाही. मला ते कळलं अंक छापून झाल्यावर. आधी कळतं तर १०० पानांचा हट्ट धरला नसता: सोळाचे सहा फर्मे म्हणजे ९६ पानं, आणि उरलेल्या चार पानांसाठी वेगळा खर्च.

२. एकच जोडपान निवडा आणि त्याचे सगळे अवतार जमिनीवर मांडा

पूर्ण अंकाबद्दल एकदम लिहायला बसलात की सगळं मोघम होतं. म्हणून एक पान किंवा एक जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, घ्या, शक्यतो ज्यावरून सगळ्यात जास्त वाद झाले ते. त्याचं पहिलं प्रूफ, दुसरं, तिसरं आणि छापलेलं पान, डावीकडून उजवीकडे फरशीवर ठेवा. उभं राहून बघा. मग खाली बसून, पट्टी घेऊन बघा.

एक उदाहरण सविस्तर सांगते. एका अंकात कवितांचा विभाग होता. पहिल्या प्रूफात अक्षरं ११ पॉइंटची आणि ओळींमधलं अंतर सॉफ्टवेअरने आपणहून दिलेलं, म्हणजे अक्षराच्या १२० टक्के, १३.२ पॉइंट. रोमन लिपीला हे बहुतेक वेळा चालून जातं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. वरच्या ओळीतल्या 'झुळूक'चा दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या 'पूर्वी'च्या रफारावर अगदी टेकला होता. जिची ती कविता होती ती मुलगी म्हणाली, "वाचताना दम लागतोय." तिला कारण सांगता येत नव्हतं, पण तिने जे सांगितलं ते बरोबर होतं. अंतर १६ केलं आणि पान मोकळं झालं. मग दोन कविता पानाबाहेर गेल्या, म्हणून चित्रं लहान करावी लागली. चित्रकार नाराज झाला. मग त्याच्याबरोबर बसून ठरवलं की चित्र लहान होईल, पण त्याच्याभोवती मोकळी जागा दुप्पट राहील.

या एका पानावर किती गोष्टी घडल्या ते पाहा. लिपीची गरज ओळखली, वाचकाच्या तक्रारीतून मोजता येणारं कारण शोधलं, एका बदलाने दुसरीकडे काय बिघडतं ते पाहिलं, आणि सहकाऱ्याला धरून मार्ग काढला. मुलाखतीत सांगायचं ते हेच.

पानाच्या प्रत्येक बदलासाठी वहीत चार ओळी लिहा: काय दिसलं, काय बदललं, का बदललं, त्याने काय झालं. 'का'ची ओळ रिकामी राहिली तर राहू द्या. "सरांनी सांगितलं म्हणून" हे खरं कारण असेल तर तेच लिहा आणि सर तसं का म्हणाले असतील याचा विचार करा. मी माझ्या वहीतल्या अशा तीन ओळींची उत्तरं दोन वर्षांनी भरली.

३. छापल्यानंतरच दिसलेल्या चुका वेगळ्या काढा

स्क्रीनवर दिसत नाहीत आणि कागदावर दिसतात अशा चुका शिकवतात सगळ्यात जास्त. अंक उजेडात धरून पान-पान तपासा. विद्यार्थ्यांच्या अंकात वारंवार सापडतात त्या सांगते, म्हणजे तुमच्या अंकात काय शोधायचं ते कळेल.

फोटो. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आकसलेला असतो. समजा तो १२८० बाय ९६० पिक्सेलचा आहे. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो जेमतेम १०.८ बाय ८.१ सेंटीमीटरवर स्वच्छ छापला जाईल. ए-४ आकाराचं पूर्ण पान, कडेला कापण्यासाठी तीन-तीन मिलिमीटर जास्त धरून, भरायचं तर साधारण २५५० बाय ३५८० पिक्सेल लागतात. अंकातला धुरकट फोटो काढा, त्याची मूळ फाइल उघडा आणि हा हिशेब स्वतः करा. एकदा केला की पुढे आयुष्यभर तुम्ही "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं आधीच सांगाल.

रंग. स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा पोपटी कागदावर मळका आला असेल, तर तो आरजीबीतून (पडद्यावरचा लाल-हिरवा-निळा प्रकाश) सीएमवायकेत (छपाईच्या निळी, गुलाबी, पिवळी, काळी या चार शाई) उतरताना विझला. चार शाईंच्या आवाक्यात तो रंग नव्हताच. मजकुराचं काळंही भिंगाखाली पाहा. अक्षरांच्या कडेला निळी-गुलाबी सावली दिसली, तर तो मजकूर चारही शाईंत छापला गेलाय आणि ताव केसभर सरकलाय. मजकुराला फक्त काळी शाई हवी.

गडद पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं. ही चूक माझी आहे. संपादकीयाखालची नावं मी गर्द जांभळ्या पट्टीवर ८ पॉइंटमध्ये पांढरी ठेवली होती. स्क्रीनवर सुरेख दिसायची. मॅपलिथो कागद शाई पितो, शाई पसरते. अनुस्वार बुजले, 'ध' आणि 'घ' ओळखू येईनात. ज्यांनी सगळ्यात जास्त राबून अंक काढला, नेमकी त्यांचीच नावं वाचता येत नव्हती.

जोडाक्षरं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्य' मोडतो. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. सह्याद्रीवरच्या लेखात समुद्र शिरला होता आणि तो तिघांच्या नजरेतून सुटला. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) निवडला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे उडी मारते आणि जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली अक्षरं दिसतात. 'ल' आणि 'श'सुद्धा बघा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण मानला. बऱ्याच फॉन्टांत नेहमी येणारी रूपं हिंदी वळणाची असतात. काहींत भाषा 'मराठी' निवडली की मराठी रूपं येतात. तुमच्या अंकात मथळ्याला एक 'ल' आणि मजकुराला दुसरा आलाय का? आला असेल तर कारण शोधून लिहा.

फॉन्ट का निवडला, हेही याच वेळी स्वतःला विचारा. "कॉम्प्युटरवर होता" हे उत्तर पहिल्या अंकाला मी समजू शकते. पण निदान तो कुणी, कशासाठी घडवला हे आता वाचा. 'मंगल' अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी घडवला, आणि तो मुख्यतः कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी. जोशी स्वतः मराठीतले कवी होते, अक्षराकडे कवितेसारखं पाहणारे. 'मुक्ता' मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा आहे, सगळ्यांना मोफत वापरता येतो आणि त्यात बारीकपासून ठळकपर्यंत बरीच वजनं आहेत. त्यामुळे मथळा, उपमथळा आणि मजकूर एकाच घराण्यात बसवता येतो. एवढं कळलं तरी पुढच्या वेळी निवडताना तुमच्याकडे कारण असेल.

आणि शेवटी आतला समास. याबद्दल थोडं थांबून सांगते.

दुसऱ्या अंकात आम्ही सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र फोटो जोडपानावर घेतला. मला तो मोठा हवा होता. मोठा म्हणजे मान, असं माझ्या डोक्यात होतं. अंकाला गोंदाची बांधणी होती. अशा बांधणीचा अंक पूर्ण सपाट उघडत नाही. फोटोच्या बरोबर मध्यभागी ग्रंथालयातले शिपाई मामा उभे होते. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते, म्हणून मुद्दाम त्यांना मधे उभं केलं होतं. प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी ते अंक घ्यायला आले, उभ्या उभ्या ते पान उघडलं आणि दोन्ही तळव्यांनी अंक दाबून दाबून पाहिला. डावीकडे एक खांदा दिसत होता, उजवीकडे दुसरा. चेहरा बांधणीत गेला होता. "असू दे, बाई," एवढंच म्हणाले आणि अंक पिशवीत ठेवून गेले.

आतला समास, बांधणीचा प्रकार, जोडपानावर चित्र घेताना मध्यभागी काय येतंय, हे सगळं मला पाठ्यपुस्तकात वाचून माहीत होतं. त्या दिवशी ते कळलं. तुमच्या अंकातही असं एखादं पान असेल. त्याबद्दल लिहायला जड जातं, तरी ते सगळ्यात आधी लिहा.

४. अंक एका अनोळखी वाचकाच्या हातात द्या आणि गप्प बसा

मित्रांना देऊ नका, ते कौतुक करतील. कॅन्टीनवाले काका, शेजारच्या आजी, अकरावीतली कुणी मुलगी, असे तिघे पुरेत. अंक द्या, "चाळा जरा" म्हणा आणि पंधरा मिनिटं एक शब्दही बोलू नका.

बघायचं काय? पहिलं कुठलं पान उघडलं. अनुक्रमणिका पाहिली का आणि तिच्यातून हवं ते पान सापडलं का. कुठे बोट थांबलं. कुठे अंक डोळ्यांपासून लांब किंवा जवळ नेला. कुठे दोन-तीन पानं एकदम उलटली. शेवटी एकच प्रश्न विचारा: "यातलं काय आठवतंय?"

एका आजींनी अंकातल्या जाहिराती सगळ्यात मन लावून वाचल्या. कारण साधं होतं, जाहिरातींतली अक्षरं मोठी होती. संपादक मंडळाने लेखांचा टाइप लहान करून पानं वाचवली होती. तो निर्णय खर्चाच्या दृष्टीने बरोबरही असेल, पण त्याची किंमत कुणी मोजली ते त्या आजींकडे बघून कळलं. हे निरीक्षण तुमच्या लेखनात आलं, तर वाचणाऱ्याला दिसतं की तुम्ही पानाच्या पलीकडच्या माणसाचा विचार करता.

५. 'आम्ही' सोडवून 'मी' लिहा

मराठीत आपल्याला 'मी केलं' म्हणायला संकोच वाटतो. घरातूनच तसं वळण असतं आणि ते वाईट नाही. पण डिझाईनच्या कामाचा आढावा लिहिताना 'आम्ही'मुळे दोन घोटाळे होतात: तुमचं काम झाकलं जातं, आणि दुसऱ्याचं काम नकळत तुमच्या नावावर जातं.

एका कागदावर पानांचे क्रमांक लिहा आणि प्रत्येकासमोर नोंदवा: कल्पना कुणाची, आखणी कुणाची, चित्र कुणाचं, फोटो कुणी काढला, अक्षरजुळणी कुणी केली, शेवटची दुरुस्ती कुणी केली. छापखान्यातल्या डीटीपी ऑपरेटरचं नाव विसरू नका. पुष्कळ अंकांमध्ये रात्री अकरा वाजता समास सरळ करणारा तोच असतो. तयार टेम्प्लेट वापरली असेल, कॅनव्हातून घटक घेतले असतील, तर तसं स्पष्ट लिहा. "टेम्प्लेट घेतली, पण तिच्यात देवनागरी बसेना म्हणून मथळ्याची जागा आणि ओळींचं अंतर बदललं" हे वाक्य प्रामाणिक आहे आणि त्यातून तुमचं कौशल्यही दिसतं.

६. आता लिहा

सहाशे ते आठशे शब्द भरपूर झाले. अंकाचा आकार, पानं, प्रती, कागद, बांधणी, तुमचं काम आणि कालावधी एका छोट्या परिच्छेदात सांगून टाका. बाकी सगळी जागा दोन किंवा तीन निर्णयांना द्या, आणि त्यातला एक फसलेला असू द्या.

मुलं बहुतेक वेळा असं लिहून आणतात: "या उपक्रमातून माझी सौंदर्यदृष्टी विकसित झाली व टायपोग्राफीचे महत्त्व समजले." हे वाक्य कुणाच्याही अंकाला चिकटवता येईल. त्याऐवजी असं:

"कवितांची चौदा पानं माझ्याकडे होती. पहिल्या प्रूफात उकार खालच्या ओळीतल्या रफारांना टेकत होते. एकाच कवितेचे तीन नमुने मी अंकाच्याच कागदावर छापले, ओळींमधलं अंतर १४.५, १६ आणि १७.५ पॉइंट ठेवून, आणि वर्गातल्या पाच जणांना मोठ्याने वाचायला दिले. १४.५ ला तिघे अडखळले. १७.५ ला कडवी सुटी सुटी वाटू लागली. १६ ठेवलं. त्यामुळे दोन कविता पुढच्या पानावर गेल्या, तेव्हा चित्रं लहान केली. पुढच्या वेळी मी हे नमुने मजकूर जुळवण्याआधी करेन."

यात स्वतःचं कौतुक करणारं एकही विशेषण नाही. तरीही वाचणाऱ्याला कळतं की या मुलीला लिपी कळते, ती करून पाहते आणि चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते तिला ठाऊक आहे. लिहून झाल्यावर 'आकर्षक', 'सुंदर', 'क्रिएटिव्ह' हे शब्द शोधा. प्रत्येकाच्या जागी आकडा, कृती किंवा वाचकाची प्रतिक्रिया घालता येते का पाहा. नसेल येत तर ते वाक्य काढून टाका.

मराठीतच लिहा, असं मी आग्रहाने सांगेन. विचार ज्या भाषेत झाला त्या भाषेत तो आधी स्पष्ट होतो. मुलाखत इंग्रजीत असेल तर नंतर त्यावरून इंग्रजी मसुदा करता येतो.

७. पोर्टफोलिओत काय ठेवायचं

पूर्ण अंकाची पीडीएफ कुणी पाहत नाही. चार ते सहा जोडपानं पुरेशी आहेत. छापलेल्या अंकाचे फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा. कागदाचा पोत आणि बांधणी दिसली पाहिजे. निदान एका जोडपानाचं लाल खुणांचं प्रूफ छापलेल्या पानाशेजारी ठेवाच. मुलाखत घेणारे तिथेच थांबतात आणि प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांची उत्तरं तुमच्या वहीत आधीच लिहिलेली असतात. ज्यांच्या कविता, फोटो किंवा चेहरे त्यात आहेत, त्यांना विचारून घ्या.

८. पुढच्या मंडळासाठी चार पानं

हे तुमच्या पोर्टफोलिओसाठी नाही, तरी करा. दरवर्षी नवी मुलं येतात आणि त्याच चुका पहिल्यापासून करतात. अंकाचा आकार, चारही समास, फॉन्ट आणि त्यांची मापं, ओळींचं अंतर, कागद किती जीएसएमचा (म्हणजे वजनाने किती जड) आणि त्यावर मागच्या पानाचा फोटो पुढे दिसतो का, रंगीत पानं एकाच फर्म्यात ठेवली तर खर्च किती वाचतो, छापखान्याला फाइल कशी हवी असते, प्रूफ किती दिवसांत येतं, हे सगळं एका जागी लिहा. लिहिताना तुम्हालाही कळेल की कुठली गोष्ट नीट समजली आहे आणि कुठली फक्त त्या वेळी जमून गेली.

माझ्या त्या चार पानांत पहिली नोंद अशी होती: ग्रुप फोटो जोडपानावर घ्यायचा असेल, तर आधी डमीवर चिकटवून अंक मिटून उघडून पाहा, आणि मध्यभागी कोण उभं आहे ते बघा. त्याच्याखाली मी शिपाई मामांचं नाव लिहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षीच्या मुलांनी मूळ फोटोतून त्यांचा चेहरा काढून निवृत्तीच्या मजकुरासोबत एका पूर्ण उजव्या पानावर छापला आणि अंक त्यांच्या घरी नेऊन दिला.